गाठ बांधून आंघोळ

वैनगंगेकाठच्या पवनीत जन्म गेला, पण मला पोहता येत नाही. हात मागावर अन् पाय मागाच्या खड्ड्यात, असं विणण्यात आयुष्य काढलं. पाण्यात उतरायचं म्हटलं की अजूनही पाय मागं घेतो.

त्यात दरवर्षी कार्तिकी पुनवेची आंघोळ. त्या दिवशी वैनगंगेत बुडी मारली की पाप धुतलं जातं, हे सगळेच म्हणतात. आमच्या घरी त्याला आणखी एक शेपूट होतं. नवऱ्याच्या कमरेच्या उपरण्याला बायकोच्या पदराची गाठ मारायची अन् जोडीनंच बुडायचं. बायको म्हणायची, "जोडीनं बुडलं का कोणी कोणाच्या मागं एकटं राहत नाही." तिची माय भर तारुण्यात एकटी राहिली होती, म्हणून हिला त्या गाठीचं भारी वेड. मी कुरकुर करत जायचो.

पूर्वी कार्तिकात पाणी कमरेएवढं, पायाखाली रेती, म्हणून निभावलं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या काही वर्षांनी वर धरणात पाणी अडू लागलं अन् तिथून सोडलं की आमची नदी फुगू लागली. पाऊस नाही, पूर नाही, तरी घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली. आवाजही करत नाही ते पाणी. मला त्याचीच धास्ती.

अशाच एका वर्षी मी म्हटलं, "घरीच करू ना आंघोळ. बादलीत टाक नदीचं तांब्याभर पाणी."

"बादलीत दोघं मावतो काय?" ती म्हणाली. झालं, निघालो.

घाटावर तिनंच गाठ मारली. तुटलेलं सूत जोडण्यात तिचा हात माझ्याहून सरस. तिची गाठ कधी सुटली नाही. ती पुढं, मी मागं, तिसऱ्या पायरीपर्यंत आलो अन् शेवाळावरून तिचा पाय सटकला. "माय वो!" एवढंच ऐकू आलं. कमरेला असा हिसका बसला की मी गुडघ्यांवर आपटलो. पाणी छातीशी आलं. तिचे केस तेवढे दिसत होते, मग तेही दिसेनात. मीही खाली सरकत होतो.

"धर गा! धर तिले!" लोक ओरडत होते.

खोटं कशाला बोलू? मी तिला धरलं नाही. माझी बोटं गाठीकडे गेली. सोडायला. एवढा भ्यालो होतो मी मरणाला. नखं मोडली, रक्त आलं, पण गाठ काही सुटली नाही.

शेजारच्या डोंग्यातून मासे धरणाऱ्या एका ढिवरानं उडी टाकली. आमच्या मधला ताणलेला पदर धरून त्यानं तिला वर ओढलं, मग मला. धापा टाकत म्हणाला, "गाठ होती म्हून सापडली, भाऊ."

ती पायरीवर पाणी ओकत बसली. जरा सावरल्यावर तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "बोटाले काय झालं?"

"गाठ आवळून राहिलो होतो," मी म्हणालो.

तिनं ओल्या पदरानं माझं रक्त पुसलं.

मग वर्षभर मी धसक्यात. ती सुताच्या कांड्या भरता भरता वर पाहायची अन् मी मान खाली घालायचो. आता विचारते, आता विचारते. मागावर सूत तुटलं की ते जोडताना मला ती गाठ आठवायची. लोक पाप धुवायला जातात तिथून मी घेऊन आलो होतो, अन् कोणाला सांगायची सोय नव्हती.

पुन्हा पुनव आली. वाटलं, औंदा ती जायचं नाव काढणार नाही. पण पहाटे उठून तिनं पिशवीत कपडे भरले होते.

घाटावर तिनं पदराचं टोक माझ्यापुढं धरलं.

"औंदा तुमी बांधा."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काही कळेना. गाठ मारली, ढिली वाटली, सोडून पुन्हा मारली. ती तोवर नदीकडे पाहत उभी होती. गाठ बसली की नाही, हे तिनं ओढून पाहिलं नाही. तिनं सरळ पाण्यात पाय टाकला.