दुसऱ्या हाकेचा माणूस

भूत, प्राध्यापक आणि परदेशातल्या विमानतळावरचा साहेब, या तिघांना अगदी एकाच नियमानं वागवणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि तो आमच्या जोयडा तालुक्यातला आहे हे सांगताना माझी मान ताठ होते. शेती कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी नंदिगड्ड्याची, तो कुंभारवाड्याचा. तो मला ‘नंदिगड्डे’ म्हणायचा, मी त्याला ‘कुंभारवाडा’. पुढं गदग-धारवाडकडची कन्नड पोरंसुद्धा त्याला याच नावानं ओळखू लागली. त्याचा नियम असा, की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आमच्याकडच्या रानातल्या वाड्यांवर जुनी माणसं हे पाळतात. चकवा माणसाला नावानं हाक मारून वाट चुकवतो, पण त्याला हाक मारता येते ती एकदाच. म्हणून दुसरी हाक येईपर्यंत गप्प राहायचं. बाकीचे लोक हे रानापुरतं ठेवतात, यानं ते कॉलेजात आणलं. सर हजेरी घ्यायचे, हा पहिल्या बाकावरून त्यांच्याकडं टक लावून बघत राहायचा आणि गैरहजर लागायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "आरं, सर समोर दिसायलेत की तुला! ते काय चकवा हायत?" तर शांतपणे म्हणाला, "ज्याला गरज हाय त्यो परत हाक मारतोय, नंदिगड्डे."

शेवटच्या वर्षी कॉलेजनं आमच्या वर्गाची व्हिएतनामला अभ्याससहल काढली. आमच्यापैकी कुणीच आधी विमानात बसलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांनीच आपापली फजिती करून घेतली. पण याची तऱ्हा वेगळीच. हवाई सुंदरीनं वाकून चहा हवा का विचारलं, हा तिच्याकडं नुसता बघत बसला, ती बिचारी पुढं गेली. मग उतरेपर्यंत घसा कोरडा. "तिनं परत विचारलं न्हाई, म्हंजे तिच्या मनातच न्हवतं," वर हे ऐकवलं. तिथं उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं खिडकीतून बोलावलं, तर हा पिवळ्या रेघेमागं खांबासारखा उभा. मागची रांग खवळली, आमच्या सरांनी कपाळावर हात मारून घेतला. साहेबानं दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मात्र हा असा काही हसत पुढं गेला, की त्या मख्ख माणसानंही हसतच शिक्का मारला. आम्ही उंच इमारतींचे फोटो काढत होतो आणि हा रस्त्याकडेची माती चिमटीत घेऊन वास घेत होता. "आमच्यापेक्षा जरा चिकट हाय," एवढाच त्याचा त्या देशाबद्दलचा पहिला अभिप्राय.

पण खरी गंमत शेतावर झाली. एक म्हातारी कंद खणत होती. हा बूट काढून तिच्या शेजारी बसला आणि खणू लागला. त्याची आई कुंभारवाड्यात परसात तऱ्हेतऱ्हेचे कंद लावते, त्यामुळं हात आपोआप चालत होते. ना तिला याची भाषा, ना याला तिची, तरी दोघं कितीतरी वेळ बोलत होते. तिथल्या विद्यापीठाच्या मॅडम लांबून बघत होत्या. आमच्यातल्या एकाला दोन वर्षं तिथं शिकायला ठेवून घेणार होते. सगळ्यांच्या मुलाखती झाल्या होत्या. बसमध्ये हा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "मिळालं तर आईच्या कंदांवरच शिकीन गं. न्हाई तर गावाकडं जीप चालवायची हायच." त्या दिवशी त्याची थट्टा करायला माझी जीभ उचलली नाही.

शेवटच्या दिवशी मोठ्या सभागृहात निकाल होता. ज्याचं नाव घेतील त्यानं उठून होकार द्यायचा, नाही तर पुढचं नाव. मॅडमनी नाव घेतलं. आपल्या कुंभारवाड्याचंच! आणि हा ढिम्म. गुडघ्यांवर हात ठेवून, समोर बघत, हजेरीला बसायचा तसा. मॅडमनी सभागृहावरून नजर फिरवली, कुणी हललं नाही, त्या पुन्हा कागदाकडं वळल्या. पुढचं नाव त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग मला राहवलं नाही. मी खुर्चीवर चढले आणि शेताच्या बांधावरून घालावी तशी साद घातली, "ए कुंभारवाडाऽऽ!" लगेच अख्खा वर्ग ओरडला. आणि हा ताडकन उठला. "ओऽऽ!" छत हादरलं असेल. मॅडम आधी दचकल्या, मग त्यांनीच टाळ्या सुरू केल्या. सर चष्मा पुसत बसले. मला इतका अभिमान वाटला, की जणू ते नाव माझंच होतं.

बाहेर आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं. "आन तिनं पुढचं नाव घेतलं आसतं तर?" तो मान खाली घालून म्हणाला, "येवढ्या लांबनं मला कोन बोलवील गं? मला वाटलं, चकवाच हाय."

आता तो तिकडंच आहे. मी जोयड्यात नोकरी करते, कामानिमित्त कुंभारवाड्याला गेले की त्याच्या आईला भेटते. फोनला रेंज हवी तर घरामागच्या टेकाडावर चढावं लागतं. परवा चढताना ती म्हणाली, "तिकडचं पानी लागून पोर बदललं आसंल काय गं?" व्हिडिओ कॉल लागला. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत म्हणाली, "पुता!" तो नुसता बघत राहिला. मला वाटलं, फोन अडकला. पण त्याच्या हातातल्या कपातून वाफ निघत होती. "थांब," म्हातारी मला म्हणाली आणि पुन्हा हाक मारली, "पुताऽऽ!"

"ओऽऽ!"

तिनं पदरानं फोनची काच पुसली. "न्हाई गं, आपलंच हाय आजून."

उतरताना ती पुढं होती. मधेच थांबली, रानाकडं तोंड केलं आणि तिनं एकदा हाक मारली, "पुताऽऽ!" फोन तर माझ्या पिशवीत होता. ती तशीच ऐकत उभी राहिली. दुसरी हाक तिच्याच्यानं निघेना, म्हणून ती मी मारली.