खानावळीतलं एकट्याचं ताट

चौऱ्याण्णव साली माझी बारामतीहून इंदापूरला बदली झाली. थोरली बहीण तिथंच दिलेली, तिचं घर माझ्या भाड्याच्या खोलीपासून पाच मिनिटांवर. तरी मी दुपारचा जेवायचो एसटी स्टँडजवळच्या खानावळीत, एकटा. कुणाचं घर पेटवलं असतं तरी यापेक्षा कमी ऐकून घ्यावं लागलं असतं.

कारण साधं होतं. ऑफिसात दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, तर एक वेळ तरी तोंड फक्त खाण्यासाठी उघडावं. बहिणीकडं ते जमायचं नाही. दाजी उसाला तोड कधी येणार ते घेऊन बसायचे, भाचा मांडीवर, भाची पाठीवर, आणि आक्का चुलीपाशी बसून 'घे की अजून एक' म्हणत ताटात भाकरी टाकणार. नको म्हटलं की अर्धी यायची. त्या अर्ध्या भाकरीनं मी वैतागून गेलो होतो.

बरं, खानावळीत तरी निवांतपणा मिळावा? छे. आपल्याकडं एकटा जेवणारा म्हणजे घरी भांडून आलेला, नाहीतर बायको माहेरी गेलेला. मी कोपऱ्यातलं टेबल धरून पेपर उघडला की मालक रस्सा वाढता वाढता विचारायचे, "एकटंच? बहीण हाय की गावात." रोज. मग कुणीतरी अनोळखी माणूस आपलं ताट उचलून समोर येऊन बसायचा, मला सोबत म्हणून. "बारामतीकडचं व्हय तुमी? आमची आत्या तिकडंच दिलीय." मी पेपर तोंडासमोर धरला तर तो मागचं पान वाचायचा, तेही मोठ्यानं.

शेवटी व्हायचं तेच झालं. बाजारात कुणीतरी दाजींना विचारलं, "मेव्हणा खानावळीत जेवतोय, घरात काय बिनसलंय का?" दाजींनी ते हसत घरी सांगितलं. आक्काच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खानावळीच्या दारात उभी. डोक्यावर पदर, डोळे लाल. बायामाणसं तिथं यायचीच नाहीत, त्यामुळं सगळे घास हातात धरून बघायला लागले. ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

"ऊठ. मी मेले का काय?"

मी समोरच्या ताटाकडं बोट दाखवलं. भरल्या ताटावरून माणसाला उठवायचं नसतं, हे तिनंच मला लहानपणी शिकवलेलं. ती चडफडत समोरच्या बाकड्यावर बसली, माझं संपायची वाट बघत. मालकांना वाटलं, जेवायलाच आल्यात. त्यांनी तिच्यापुढं ताट मांडलं. ती नको नको म्हणेपर्यंत वांग्याची भाजी आणि तव्यावरची फुगलेली भाकरी त्यात पडलीसुद्धा. आता वाढलेलं टाकायचं कसं? ती खाली मान घालून जेवायला लागली.

मी मनात उत्तरं जुळवत होतो. आज हिला ठणकावून सांगायचं, मला माझं जेवण माझ्यापुरतं पाहिजे. पण ती भांडेचना. सोबतीला म्हणून एकजण ताट घेऊन आमच्याकडं निघाला, तर आक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की तो परत जागेवर जाऊन बसला.

"ताई, अजून एक?" मालकांनी विचारलं.

"आण."

तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. सावकाश, एकेक घास चावून. मी इतक्या वेळा तिच्या घरी जेवलो, पण तिला जेवताना कधी बघितलंच नव्हतं. ती आमच्या माघारी कधी आणि काय खाते, हे मला माहीत नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

हात धुऊन आल्यावर ती म्हणाली, "लग्नाला बारा वर्सं झाली. तव्यावरची भाकरी माज्या ताटात आज पडली."

मग ती हळूच म्हणाली, "उद्या तू घरी ये. भाकऱ्या करून ठिवते, दाजींना तेवढं वाढ. मी येती हितं."

दुसऱ्या दिवशी दाजी रानातनं आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. मी भाजीचं भगुलं घेऊन पुढं झालो, तसे ते इकडंतिकडं बघायला लागले.

"ही कुठं गेली?"

"जेवायला," मी म्हटलं.

दाजींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग चुलीकडं.

"जेवायला म्हंजे? जेवण तर हितं हाय."