न झाडलेला भुसा

शाळेच्या माळीकाकांचं नाव मुलांनी ‘दंतवैद्य’ ठेवलं होतं. सायकलच्या चाकातली एक तार, टोकाला आकड्यासारखी वाकवलेली, त्यांच्या खिशाला कायम पेनासारखी अडकवलेली असे. तीस वर्षं ते त्या तारेने झाडांच्या पोटातली कीड उपटत आले होते.

या वर्षी भिरूड लागली मागच्या आवारातल्या अंजिराला. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनीच ते लावलेलं. लांब मिशांचा भुंगा सालीला चीर पाडून अंडं घालतो, अळी आत शिरते आणि वर्ष-दीड वर्ष खोड कोरत बसते. कोरलेला भुसा तेवढा भोकातून बाहेर टाकते. ताजा भुसा दिसला की समजायचं, अळी जिवंत आहे.

“काका, वाळलेली फांदी पोरांच्या डोक्यात पडली तर?” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “सोमवारपर्यंत बघा. नाहीतर तोडायचं.”

काकांनी खोडातल्या तीन भोकांत तार फिरवली, पेट्रोलचे बोळे कोंबले, चिखलाने तोंडं लिंपली. रोज दहाला येऊन बुंध्याशी वाकून बघत. भुशाचा कण नाही. म्हणजे अळी मेली. तरी गुरुवारी आणखी एक फांदी वाळली.

दुपारी डबा उघडा ठेवून ते नुसतेच बसले. बायको त्याच शाळेत झाडलोट करायची.

“अहो, तोंड का पाडलंय?”

“कीड मेली, तरी झाड चाललंय. चिमूटभर भुसा नाही बघ.”

“नाही कसा? सकाळी सहाला झाडते तेव्हा सूपभर निघतो की! पिवळा, ओला.”

काकांनी डबा बाजूला सारला. मागचं आवार महिन्यापूर्वीच तिच्याकडे झाडायला आलं होतं.

“आणि तू तो झाडतेस?”

“मग काय पूजा करू? बाईंना आवार आरशासारखं लागतं.”

“अगं, दंतवैद्याची बायको ना तू?”

“दंतवैद्याने कधी घरी तोंड उघडलंय का?”

शुक्रवारी तिने झाडू टेकवून ठेवला आणि भुशाभोवती कुणाला फिरकू दिलं नाही. काकांनी भुशावरून सरळ वर नजर नेली. डोक्याच्याही वर, फांदीच्या बेचक्यात, बोटाएवढं ओलं भोक होतं. तिने शिडी धरली. तार वीतभर आत गेली, अडली.

“हळू हो. पडाल.”

“शिडी धर, मला नको.”

बोटभर लांबीची पांढरट अळी तारेला लटकत बाहेर आली.

“शी! एवढीशी, आणि एवढं झाड खायला निघाली!”

सोमवारी मुख्याध्यापिकांनी जपून ठेवलेला भुसा आणि बाटलीतली अळी पाहिली. वाळक्या फांद्या उतरवायला लावून त्यांनी झाडाला एका हंगामाची मुदत दिली.

दोन महिन्यांनी काका निवृत्त झाले. बायको अजून कामावर जाते. आवार आरशासारखं असतं, फक्त अंजिराखालचं एक रिंगण ती नीट बघितल्याशिवाय झाडत नाही. दुपारी ती घरी आली की काका दारातच विचारतात, “आज?”

“कोरडं आहे, भुशाचा कण नाही,” ती म्हणते. “आता आत तरी येऊ द्या.”