बडीशेपेखालची नोट

काल नांदेडच्या हॉटेलात बिल बडीशेपेच्या ताटलीतून आलं आणि त्या वासानं मी थेट लातूरच्या क्लासच्या दिवसांत गेलो.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची. मग हदगावचा संजय, आमच्या वर्गातली सुनीता आणि मी चौकातल्या हॉटेलात जेवायचो. वाटणी करायचं काम माझं. एका रविवारी तळहातावर पेनानं भागाकार करून मी म्हणालो, "प्रत्येकी पन्नास. टिप कशाला? मालक पगार देतोय की."

उठताना संजयनं वाढणाऱ्या म्हाताऱ्या चाचांसाठी दहाची नोट गुपचूप बडीशेपेखाली सरकवली. सुनीतानं ते पाहिलं आणि ती हसली. मला वाटलं, लई शायनिंग मारून राहिला. दाखवायचंच असतं तर त्यानं नोट लपवली नसती, हे आता कळतं. तेव्हा मी फक्त शाईची मूठ मिटून घेतली.

काल मीही पन्नासची नोट तशीच बडीशेपेखाली सरकवली. समोर सुनीता होती. आमच्या लग्नाला वीस वर्षं झालीत. ती अगदी तसंच हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाई. संजय आठवला."

नोट परत उचलून घ्यावी, असं वाटलं मला.