चढावर थांबणारी घोडी

निजामाच्या राज्यात मी औरंगाबादला कारकून होतो. टांग्यांच्या घोड्यांची हालत पाहून या, असा वरून हुकूम आला, तेव्हा आमच्या कचेरीतले माझे वरिष्ठ, पेशकार, आणि मी दौलताबादेला निघालो, तेही टांग्यानंच. पेशकारांचं वजन दोन माणसांचं होतं.

टांगेवाला मेंदी लावलेल्या दाढीचा, किडकिडीत म्हातारा होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पहिला चढ आला आणि घोडी थांबली. म्हाताऱ्यानं चाबूक उगारला नाही. खाली उतरून तो तिच्या कानाशी गेला, मान डोलवत काहीतरी ऐकल्यासारखं केलं आणि अदबीनं म्हणाला, "हुजूर, वजन लई झालं म्हणती."

"मग या कारकुनाला उतरव," पेशकार म्हणाले.

तो पुन्हा कानाशी जाऊन आला. "नाय म्हणती, हुजूर. तुम्हालाच म्हणती."

पेशकार घाम पुसत चढ चालले. पुढचे दोन चढही चालले. मी म्हाताऱ्याशेजारी बसलो होतो, त्यामुळं चढ आला की तो हळूच लगाम ओढतो, हे मला दिसत होतं. पेशकारांना कळलं असतं तर त्याचा परवाना गेला असता.

गडाखाली पेशकार पाणी प्यायला गेले, तेव्हा मी विचारलं, "चाचा, खरंच बोलते का ती?"

तो घोडीचे गुडघे चोळत होता. "ती बोलली असती साहेब, तर मला कशाला झूट बोलावं लागलं असतं?"

पाहणीच्या कागदावर 'जनावराचा स्वभाव' असा रकाना होता. मी त्यात 'स्पष्टवक्ती' असं लिहिलं. पेशकारांनी ते वाचलं, गंभीरपणे मान हलवली आणि खाली सही केली.