लाल कापडावरची मेणबत्ती

पुंडलिकनगरच्या घरात मेणबत्ती विझवली की तो वास मला आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात नेतो. एका वर्षी पेन्टेकॉस्टच्या सणाच्या उपासनेत वीज गेली, म्हणून शास्त्रपाठ मी मेणबत्तीच्या उजेडात वाचला: पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांसारखा उतरला आणि भेदरलेल्या शिष्यांना वाचा फुटली. मेणबत्ती मी वेदीच्या लाल कापडावरच विसरलो आणि उपासना संपता संपता कापड पेटलं. “आत्मा मावशीच्या कापडावर उतरला,” एक पंच हसून म्हणाले. वेदी आवरणारी मावशी रडवेली झाली. “म्या नाय ठिवली, साहेब. देवाला ठावं.” मी शेजारीच उभा होतो, पण माझी जीभ उचलली नाही. तिचं काम गेलं. गेल्या वर्षी ती फुलंब्रीला वारली. मंडळीच्या इतिवृत्तात ‘मावशीची हयगय’ अशी नोंद आहे. ती खोटी आहे, आणि सचिव म्हणून ती मीच लिहिली होती.