सरहद्दीपलीकडचा लाल कोट

दूध गॅसवर होतं, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता आणि धाकटी जाऊ ओट्याला टेकून पेपर वाचत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार वाजवणारा माणूस आमच्या इमारतीत एकच, तळमजल्यावरचे टाचणीकाका. तेही बोटांनी नाही, कात्रीच्या मुठीने.

काका पस्तीस वर्षं नाटक कंपनीचे कपडे शिवताहेत. तोंडात कायम दोन टाचण्या, म्हणून हे नाव. राजे, फौजदार, भुतं, सगळे त्यांच्या मशीनखालून गेलेले. बायको लवकर गेली; लेकीला त्यांनी त्या मशीनशेजारीच वाढवलं. ती नर्स झाली, सरहद्दीपलीकडच्या इस्पितळात लागली आणि आता तिकडच्याच मुलाशी तिचं ठरलंय.

त्या सकाळी काकांच्या हातावर लाल कोट होता. सोनेरी बटणांच्या दोन रांगा, खांद्यांवर झालर. आमच्या नाटकांत पलीकडचा माणूस आला की याच कोटात येतो, आणि तो तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागतात. मीही हसलेय.

काकांनी टाचण्या काढून खिशाला लावल्या. "धाकट्या ताई, खरं सांगा. तुमच्या माहेरी हे कोण घालतं?"

जाऊ पलीकडचीच. तिने कोट उलटासुलटा करून पाहिला. "बँडवाले घालतात, काका."

"आणखी कोण?"

"मोठ्या हॉटेलातला दरवान."

काका खुर्चीत बसले. मला राहवेना. "मग ही फॅशन आली कुठून?"

"ज्यांच्याकडे शिवण शिकलो, त्या उस्तादांनी खाकी कागदाचं कटिंग दिलं होतं. त्यांना कुणी दिलं, मी कधी विचारलं नाही. पलीकडे मी गेलोय कुठे?"

"एवढं मनाला लावून घेऊ नका," जाऊ म्हणाली. "आमच्याकडच्या नाटकांत तुमचा माणूस छत्री घेऊन येतो. घरात जेवायला बसला तरी छत्री उघडीच. लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस मी ह्यांची छत्री शोधत होते."

"सापडली का?" मी विचारलं.

"माळ्यावर. मोडकी."

आम्ही दोघी हसलो. काकाही हसले, पण अर्धंच. "शनिवारी व्याही येताहेत. मुलीच्या वडिलांचं काम बघायचंय म्हणे, म्हणून खास नाटकाला. पहिल्या रांगेत बसतील, समोर त्यांचाच माणूस या सोंगात, आणि मागे सगळं थिएटर हसतंय. माझी पोर त्या घरात नांदायला जायचीय, ताई."

"मग त्या दिवशी कोटच नको," मी सुचवलं.

"मॅनेजर म्हणतात, कोट काढला तर हा कुठला, ते कळणार कसं? मी म्हटलं, त्यांचा खराखुरा शिवून देतो. शुक्रवारपर्यंत आणा, बघू म्हणाले."

"खरा अगदी साधा असतो," जाऊ सांगू लागली. "राखाडी, गुडघ्यापर्यंत, पट्टी अशी डावीकडून..." तिचा हात हवेत फिरला. काकांचे डोळे त्याच्या मागे फिरले, आणि थांबले.

"हवेतलं कटिंग मला कापता येत नाही," ते म्हणाले. "तुमचे भाऊ इथेच नोकरीला आहेत. त्यांचा रोजच्या वापरातला एक कोट मला दोन दिवस द्या. उसवणार नाही, फक्त माप घेईन."